इंजिनाच्या धुराचा रंग

इंजिनाच्या धुराचा रंग हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या अंतर्गत स्थितीचा डोळ्यांना दिसणारा प्राथमिक निर्देशक आहे. पेट्रोल, डिझेल किंवा नैसर्गिक वायूवर चालणारे सुस्थितीतील इंजिन पुरेसे तापल्यावर त्याच्या सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू जवळजवळ अदृश्य असतात. धूर सातत्याने दिसू लागल्यास त्याचा रंग काय जळत आहे, किंवा काय जळायचे राहून गेले आहे, हे सुचवतो. काळा धूर इंधनाचे अपूर्ण ज्वलन, निळा धूर वंगणतेलाचे ज्वलन आणि पांढरा धूर पाण्याची वाफ, शीतकद्रव किंवा न जळलेले डिझेल दर्शवतो. रंगावरून दोषाचा वर्ग कळतो. नेमका कोणता भाग बिघडला आहे, हे त्यावरून ठरत नाही. तसेच धूर दिसत नाही म्हणजे उत्सर्जन निर्धोक आहे, असेही होत नाही.

ज्वलन आणि धुराची निर्मिती

पेट्रोल व डिझेल ही प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे आहेत. त्यांचे पूर्ण ज्वलन झाल्यास कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हे दोन्ही वायू रंगहीन आहेत. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. डिझेलसाठीही हे प्रमाण जवळपास इतकेच आहे. हवा कमी पडली, इंधन जास्त झाले, तापमान पुरेसे नसले किंवा सिलिंडरमध्ये तेल अथवा पाणी शिरले, तर या क्रियेत बिघाड होऊन दृश्य धूर निर्माण होतो.

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात मात्र आधी केवळ हवा दाबली जाते. दाबामुळे ती अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल ठिणगीविना पेट घेते. सिलिंडरमध्ये एकूण हवा पुरेशी असली, तरी फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन दाट व हवा विरळ असते. तेथे काजळी तयार होते. पुढे ज्वलन नीट झाल्यास त्यातील बहुतांश काजळी सिलिंडरमध्येच जळून जाते. ती जळण्यास हवा, उष्णता किंवा वेळ कमी पडला, की ती बाहेर पडते. काळा धूर डिझेल वाहनांत अधिक आढळण्याचे हे मूळ कारण आहे.

रंग दिसण्याचे कारण

धुराचा रंग त्यातील कणांचे स्वरूप आणि आकार यांवर अवलंबून असतो. काजळीचे कण प्रकाश शोषून घेतात, म्हणून धूर काळा दिसतो. वंगणतेलाचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरतात, म्हणून तेलाचा धूर निळसर भासतो. पाण्याचे किंवा इंधनाचे तुलनेने मोठे थेंब सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात आणि धूर ढगासारखा पांढरा दिसतो.

निळा धूर गडद पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतो. उजळ आकाशासमोर तोच करडा वा तपकिरी वाटू शकतो. रात्री दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात रंग ओळखणे अधिकच फसवे ठरते. त्यामुळे धुराचे निरीक्षण दिवसा, वाहन सावलीत उभे करून आणि सायलेन्सरमागे गडद पृष्ठभाग असताना करणे योग्य ठरते.

काळा धूर

काळा धूर म्हणजे काजळी. उपलब्ध हवेच्या मानाने इंधन अधिक झाल्याचे ते लक्षण आहे. डिझेल इंजिनातील प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे:

- धुळीने चोंदलेला एअर फिल्टर;
- झिजलेले, गळणारे किंवा नीट न फवारणारे नोझल;
- पंपातून प्रमाणाबाहेर सोडले जाणारे इंधन;
- इंधन फवारण्याच्या वेळेतील चूक;
- टर्बोचार्जरमधील बिघाड किंवा त्याच्या नळ्यांतून होणारी हवेची गळती;
- उत्सर्जित वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप उघडी अडकणे;
- क्षमतेपेक्षा अधिक भार.

यांतील शेवटचे कारण यंत्राचे नसून वापराचे आहे. ऊस गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, किंवा घाटात खालच्या गिअरमध्ये चढणारे भरलेले ट्रक काळा धूर सोडताना दिसतात. चढावर चालक ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो, इंधन वाढते. पण इंजिनाची गती न वाढल्याने हवा त्या प्रमाणात मिळत नाही. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते, त्यामुळे टर्बोचार्जर नसलेल्या जुन्या इंजिनांत हा परिणाम अधिक जाणवतो. अधिक शक्ती मिळावी म्हणून पंपाची मूळ जुळणी बदलून इंधन वाढवण्याचा प्रकारही केला जातो. त्यातून मिळणाऱ्या शक्तीपेक्षा वाया जाणारे डिझेल आणि वाढणारे तापमान यांचे नुकसान मोठे असते.

पेट्रोल इंजिनात काळा धूर मिश्रण दाट झाल्याचे दर्शवतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या वाहनांत चोक ओढलेला राहणे किंवा फ्लोटची पातळी बिघडणे, तर नव्या वाहनांत गळणारा इंजेक्टर किंवा सदोष ऑक्सिजन सेन्सर ही नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी स्पार्क प्लगच्या टोकावर कोरडी काळी काजळी साचते, वाहनाचे ॲव्हरेज घटते आणि सायलेन्सरजवळ पेट्रोलचा वास येतो.

ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर जुन्या डिझेल वाहनातून क्षणभर निघणारा काळा झोत हा नेहमीच बिघाड नसतो. टर्बोचार्जरला वेग घेण्यास थोडा अवधी लागतो आणि तेवढा वेळ हवा कमी पडते. वाहन समगतीने चालत असतानाही धूर सुटत राहिल्यास मात्र तपासणी आवश्यक ठरते.

निळा धूर

निळा धूर वंगणतेल ज्वलनकक्षात जाऊन जळत असल्याचे दर्शवतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘इंजिन ऑइल खाते’ असे म्हणतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली परतवतात. त्या किंवा सिलिंडरचा बोअर झिजल्यास तेल वर राहते व जळते. झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील कडक होऊन फाटल्यास तेल वरून खाली झिरपते. टर्बोचार्जरचे सील निकामी होणे, क्रँककेसमधील वायू बाहेर जाण्याची नळी चोंदणे आणि इंजिनात प्रमाणापेक्षा जास्त तेल भरणे ही अन्य कारणे होत. शेवटच्या कारणावर दुरुस्तीची गरज नसते. जादा तेल काढून टाकले की धूर थांबतो.

धूर कोणत्या क्षणी दिसतो, यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. वाहन रात्रभर उभे राहिल्यानंतर सकाळी सुरू करताच निळा लोट निघून तो लवकरच थांबत असेल, तर झडपांचे सील संशयास्पद ठरतात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर तो पुन्हा दाबताच धूर निघाला, तरी संशय सीलवरच जातो. भार घेताना सतत निळा धूर येणे आणि तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर तेथून जोराने वाफा येणे ही रिंगा व बोअर झिजल्याची लक्षणे आहेत. दोन्ही दुरुस्त्यांच्या खर्चात मोठा फरक असतो. त्यामुळे केवळ निळा रंग पाहून संपूर्ण इंजिन खोलण्याचा निर्णय घेणे हिताचे नसते.

डिझेल इंजिनात टर्बोचार्जरचे सील पूर्णपणे निकामी झाल्यास इंजिन गळणाऱ्या तेलावरच चालू लागते. चावी बंद केली तरी ते थांबत नाही व त्याची गती अनियंत्रितपणे वाढते. ही स्थिती धोकादायक असते. अशा वेळी इंजिनाला मिळणारी हवा तोडणे हा ते थांबवण्याचा मार्ग आहे. फिरत्या टर्बोचार्जरच्या हवेच्या तोंडाशी हात नेणे मात्र घातक असते.

टू-स्ट्रोक इंजिन हा या नियमाला अपवाद आहे. त्यात वंगणतेल पेट्रोलबरोबरच जळते, म्हणून थोडा निळा धूर हा त्याच्या रचनेचाच भाग असतो. भारतातील स्कूटर, मोपेड आणि रिक्षा दीर्घकाळ याच प्रकारच्या होत्या. बजाज ऑटोचा चेतक स्कूटर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अधिक तेल घातल्याने इंजिन अधिक टिकते, या समजुतीने प्रमाणाबाहेर तेल मिसळले जाई आणि धूर आणखी वाढे. २००० सालापासून उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांत फोर-स्ट्रोक इंजिन रूढ झाले.

पांढरा धूर

पांढऱ्या धुराची कारणे परस्परांहून भिन्न असल्याने त्याचे निदान सर्वाधिक चुकते.

पहिला प्रकार निरुपद्रवी वाफेचा आहे. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. थंडीच्या सकाळी ती गार सायलेन्सरमध्ये व बाहेरच्या हवेत गोठून पांढरी दिसते, सायलेन्सरच्या टोकातून पाण्याचे थेंबही पडतात. इंजिन व सायलेन्सर तापल्यावर ती काही मिनिटांत नाहीशी होते. ही वाफ सायलेन्सरपासून थोड्याच अंतरावर विरून जाते आणि तिला विशेष वास नसतो.

दुसरा प्रकार शीतकद्रव जळण्याचा आहे. सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांमधील गॅस्केट फुटल्यास, अथवा हेडला तडा गेल्यास, शीतक ज्वलनकक्षात शिरते. तेव्हा इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही. शीतकातील ग्लायकॉलमुळे त्याला गोडसर वास येतो. रेडिएटरमधील पातळी बाहेर गळती न दिसताही घटत जाते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि काही वेळा तेलाच्या डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीसारखा थर दिसतो. अशा स्थितीत वाहन चालवत राहिल्यास हेड वाकणे, बेअरिंग खराब होणे किंवा सिलिंडरमध्ये पाणी भरून कनेक्टिंग रॉड वाकणे असे मोठे नुकसान संभवते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी उसळून गंभीर भाजू शकते. म्हणून पाहणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी लागते.

तिसरा प्रकार न जळलेल्या डिझेलचा आहे. इंजिन थंड असणे, हीटर प्लग निकामी होणे, सिलिंडरमधील दाब कमी होणे किंवा डिझेल उशिरा फवारले जाणे यांमुळे ते पेट न घेता धुक्याप्रमाणे बाहेर पडते. हा धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो आणि तो हवेत बराच वेळ रेंगाळतो. वास आणि रेंगाळणे या दोन खुणांवरून तो वाफेपासून वेगळा ओळखता येतो.

राखाडी धूर

राखाडी धूर हा स्वतंत्र वर्ग नसून बहुधा मिश्रण असते. तेल व अर्धवट जळालेले इंधन एकत्र बाहेर पडल्यास, किंवा टर्बोचार्जरमधून अल्प गळती असल्यास तो दिसतो. केवळ रंगावरून निदान करण्याची मर्यादा येथे सर्वाधिक जाणवते. त्यामुळे तेलाची पातळी, शीतकाची पातळी, वास आणि इंधनाचा खप यांची नोंद घेऊनच निष्कर्ष काढला जातो.

निदानाचा क्रम

धुराचा रंग पाहिल्यानंतर कमी खर्चाच्या तपासण्या आधी आणि इंजिन खोलण्याचे काम शेवटी, असा क्रम उपयुक्त ठरतो.

१. धूर थंड इंजिनात, तापल्यावर, समगतीत की वेग घेताना दिसतो, याची नोंद.
२. तेल व शीतक यांच्या पातळीची काही दिवस नियमित मोजणी.
३. एअर फिल्टर, हवेच्या नळ्या आणि स्पार्क प्लग यांची पाहणी.
४. डिझेल इंजिनात नोझलची फवारणी आणि पंपाची जुळणी यांची चाचणी.
५. प्रत्येक सिलिंडरमधील दाबाचे मापन. दाब कमी आढळल्यास सिलिंडरमध्ये थोडे तेल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास रिंगांचा दोष, न वाढल्यास झडपांचा किंवा गॅस्केटचा दोष संभवतो.
६. शीतकात ज्वलनवायू मिसळले आहेत का, याची चाचणी.

इंधनभेसळ

स्वच्छ इंजिनातही धूर येण्याचे एक कारण इंधनातील भेसळ आहे. शिधावाटप व्यवस्थेतील सवलतीचे रॉकेल पेट्रोल व डिझेलपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने त्याची भेसळ होत असे. रॉकेल पेट्रोलइतके सहज बाष्पीभूत होत नाही. ते पेट्रोल इंजिनात अर्धवट जळते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते व खालच्या तेलात मिसळून ते पातळ करते. आरंभी तिखट वासाचा धूर येतो आणि पुढे रिंगा झिजून निळा धूर कायमचा होतो. वाहनधारकाला भेसळीचा परिणाम दिसेपर्यंत इंजिनाची हानी झालेली असते.

या व्यवहारामागील आर्थिक हितसंबंधांचे भीषण रूप महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळ इंधनभेसळीचा प्रकार रोखू पाहत असताना जिवंत जाळण्यात आले.

शहरी वाहतुकीतील उदाहरण: क्रांती चौक

चालत्या रस्त्यापेक्षा चौकात धूर अधिक का दिसतो, हे छत्रपती संभाजीनगरमधील क्रांती चौकाच्या उदाहरणाने समजते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे ओळखला जाणारा हा चौक जालना रोडवर आहे. पैठण गेट व रेल्वे स्थानकाच्या दिशेने जाणारे रस्ते येथे मिळतात. जालना रोडवरील सरळ वाहतुकीसाठी उड्डाणपूल आहे, तर वळणारी वाहतूक खालच्या सिग्नलवर थांबते.

थांबलेल्या वाहनांची इंजिने मंद गतीने चालू राहतात. त्या वेळी झिजलेल्या इंजिनात तेल साचते. सिग्नल सुटताच सर्व वाहने एकाच वेळी वेग घेतात. डिझेलच्या बस व मालवाहू वाहनांतून काळा झोत, तर झिजलेल्या दुचाकी व रिक्षांतून निळा लोट बाहेर पडतो, तो याच क्षणी. उलट उड्डाणपुलावरून समगतीने जाणाऱ्या त्याच प्रकारच्या वाहनांचा धूर कमी असतो. पुलाखाली किंवा उंच बांधकामांच्या मध्ये हवा कमी खेळते आणि धूर लवकर पांगत नाही. त्याचा सर्वाधिक त्रास वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, फेरीवाले आणि पादचारी यांना होतो. कारण त्यांचा दिवस तेथेच जातो. सिग्नलवर इंजिन बंद करण्याच्या आवाहनामागील कारण हेच आहे.

शहराचे वाहन उद्योगाशी निकटचे नाते आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि तेथून दुचाकी व रिक्षा मोठ्या संख्येने देशभर गेल्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळल्या जाणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील अन्य शहरांबरोबर तत्कालीन औरंगाबादचाही समावेश होता.

आरोग्यावरील परिणाम

डिझेलच्या धुरातील बहुतांश काजळीकण एक मायक्रोमीटरहून लहान असतात. ते नाक व घशात न अडकता फुप्फुसांत खोलवर जातात. दमा, श्वसनमार्गाचे विकार आणि हृदयविकार यांच्याशी त्यांचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचे वर्गीकरण मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केले.

पेट्रोल इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन आहे. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट बळाने बांधला जातो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास धूर मुळीच न दिसताही मृत्यू ओढवू शकतो.

कायदा आणि तपासणी

धुराच्या दाटपणाचे मोजमाप फ्रेंच प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगलमान यांनी १८८८ मध्ये तयार केलेल्या तक्त्यापासून सुरू झाले. त्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांशी धुराची तुलना करून शून्य ते पाच अशी श्रेणी दिली जाई. आज हे काम यंत्राने होते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार वाहनांच्या उत्सर्जनावर नियंत्रण आहे. नियम ११५ मध्ये उत्सर्जनाच्या मर्यादा व ‘पीयूसी’ या नावाने परिचित असलेल्या प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची तरतूद आहे. नोंदणीला एक वर्ष पूर्ण झाल्यानंतर हे प्रमाणपत्र बाळगणे बंधनकारक आहे. डिझेल वाहनाचे इंजिन भाराविना वेगाने फिरवून धुरातून प्रकाश किती अडतो हे मोजतात. जुन्या वाहनांसाठी ही मर्यादा ६५ आणि भारत स्टेज ४ च्या वाहनांसाठी ५० हार्ट्रिज एकक आहे. पेट्रोल वाहनाच्या मंदगती उत्सर्जनातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उत्सर्जनाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९०(२) अन्वये १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या चाचण्या रंग मोजत नाहीत. त्यामुळे वेग घेतानाच तेल जाळणारी एखादी दुचाकी मंदगती चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. प्रमाणपत्र असणे आणि इंजिन निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात वाहनांच्या धुराचा प्रश्न न्यायालयातही गेला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढील आदेशांमुळे मुंबईतील जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आणण्यास चालना मिळाली.

भारत स्टेज ६ नंतरची स्थिती

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. डिझेल व पेट्रोलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. डिझेल वाहनांत काजळी अडवणारा फिल्टर बसवला जाऊ लागला. त्यात साचलेली काजळी उच्च तापमानाला जाळली जाते. केवळ शहरातील छोट्या फेऱ्यांत हे तापमान गाठले जात नाही, फिल्टर चोंदतो आणि चालकासमोरील सूचक दिवा लागतो.

या बदलामुळे धुराच्या रंगाचा अर्थही काही अंशी बदलला आहे. जुन्या डिझेल वाहनाचा थोडा काळा धूर सामान्य मानला जाई. फिल्टर असलेल्या वाहनातून काळा धूर येणे हे फिल्टर फुटल्याचे किंवा काढून टाकल्याचे लक्षण ठरते. दुसरीकडे, तेल जळत असूनही फिल्टर व उत्प्रेरक परिवर्तक धूर काही काळ झाकून ठेवतात, आणि तेलातील राखेने स्वतः निकामी होत जातात. अशा वाहनांत धूर दिसेपर्यंत थांबणे महाग पडते. म्हणून डिपस्टिकवरील तेलाच्या पातळीची नियमित पाहणी ही धुराच्या निरीक्षणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, विश्वसनीय खूण ठरते.